आतिनची उतारावरची विद्या

आमच्या डोंगरात पेट्रोलचा भाव वाढल्याचं सगळ्यांत आधी कळलं ते टोफूला. एका रात्रीत त्याचं अंग उतरलं. "भाव तोच आहे," टोफूवाला शपथेवर सांगायचा, "टोफू तेवढा जरा बारीक झालाय." मग मिरचीला कळलं, मग अंड्यांना, मग खालच्या बाजारात जाणाऱ्या टेम्पोवाल्याला, आणि सगळ्यांना कळून झाल्यावर शेवटी सुप्रिहातिनच्या नवऱ्याला.

सुप्रिहातिनला आम्ही आतिन म्हणतो. आमच्या जावा बेटाच्या बोलीत तिच्या नावाचा अर्थ होतो मन मारून, पोटाला चिमटा घेऊन राहणं. तिच्या बापाला पुढचं काही दिसत होतं अशातला भाग नाही; ती जन्मली त्या साली कोबी मातीमोल गेला होता, एवढंच.

आतिन भाजी विकते. मर्बाबू डोंगराच्या उतारावर आमची वाडी सगळ्यांत वर. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना बांबूच्या टोपल्या, त्यांत कोबी, गाजरं, पातीचा कांदा. वाटेतल्या वाड्यांमध्ये विकत विकत खाली बाजारापर्यंत उतरायचं, तिथून टोफू, टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या आणि खारी मासळी घ्यायची, आणि येताना तीच घरं पुन्हा गाठायची. मी तिची शेजारीण रुमिनी. कपडे शिवते. शिवलेले कपडे पोचवायला अधूनमधून तिच्या मागे बसून खाली जाते. तेव्हा मी सांगते त्यातलं बरंचसं डोळ्यांदेखतचं आहे. जे नाही ते आतिनने सांगितलंय, आणि त्यात तिखटमीठ असेल तर ते तिच्या घरचं.

भाव लिटरला दहा हजार रुपियांवर गेला त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं. तुगिमान पक्ष्यांचे पिंजरे विणतो. हात सुरेख, पण गिऱ्हाईक यायला हवं. भाजी विकली गेली तरच त्या घरात चूल पेटते, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हे बघा पाक," ती म्हणाली, "थोरलीच्या नर्सिंगची फी कमी होत नाही. भात कमी होत नाही. राहिलं काय?" पुरुषमाणसाला आम्ही मानाने पाक म्हणतो, घरच्यालाही.

तुगिमानने बराच विचार केला. "चहातली साखर."

"ती झाली कमी."

"टेंपे पातळ काप."

"आज जेवलात ते पातळच होतं."

"असं होय! मला वाटलं, तू वाढायला विसरलीस."

"आणि तुमच्या सिगारेटी?"

यावर पिंजऱ्यातला कवडा तेवढा घुमला.

पण माणूस दिलदार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लवंगेच्या सिगारेटी कायमच्या सोडल्या, आणि तसं वाडीभर सांगत सुटला. मशिदीच्या ओट्यावर, नळावर, माझ्या शिलाई मशीनसमोर. "माझ्या बायकोच्या गाडीत पेट्रोल पडायला हवं," म्हणाला, "माझी छाती काय, जळायची तेवढी जळून झालीय." बायकांचे डोळे भरून आले. माझ्या नवऱ्याला त्यावरून दोन दिवस टोमणे ऐकावे लागले. शिवाय तुगिमान हल्ली रोज सकाळी झाडू घेऊन कबरस्तानात जाऊन आजोबांच्या कबरीची झाडलोट करू लागला. व्यसन सुटलं की माणूस देवाधर्माला लागतो, असं सगळे म्हणाले.

आतिननेही सोमवार-गुरुवारचे उपास धरले. मी म्हटलं, "म्बाक, फार पुण्य जोडतेयस." मोठ्या बहिणीच्या जागी असलेलीला आम्ही म्बाक म्हणतो.

"पुण्य मिळतंच," ती म्हणाली, "वर भातही वाचतो. देवालाही महागाई कळते गं."

आणि तिसरी गोष्ट तिने केली ती माझ्याशिवाय कुणालाच सांगितली नाही. आमच्या वाडीच्या तोंडाशी उतार सुरू होतो तिथे तिने एके दिवशी गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती सोडून दिली. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण, नारळाच्या वखारीवरून पुढे. अधेमधे चढ लागला तर उतरून ढकलायची. बाजार आला तेव्हा पेट्रोलचा काटा होता तिथेच होता. "रुम," ती मला म्हणाली, "या डोंगराने मला इतकी वर्षं फुकट खाली नेलं असतं, आणि मी वेडी त्याला पैसे मोजत होते!"

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आतिनच्या गाडीचा सायलेन्सर फुटका. तिचा आवाज तिच्याआधी वाडीत पोचायचा. तो आला की लोकांना बोलणं बदलायला, चेहरा बदलायला भरपूर वेळ मिळायचा. आता आवाजच नाही. टायरखाली खडी थोडी चुरचुरायची, बस.

पहिली सापडली ती दुसऱ्या वाडीतली बू सितुम; मोठ्या बाईला आम्ही बू म्हणतो. बू सितुमसारखी घासाघीस करणारी बाई आमच्या डोंगरात नाही. ती दुकानात शिरली की दुकानदार आधी पाणी पितो. त्या दिवशी मीच मागे बसले होते. कुंपणापलीकडे बू सितुम सुनेला शिकवत होती, "आतिन आली की म्हणायचं, खाली बाजारात कोबी निम्म्या भावात आहे. आणि गाजर हातात घेऊन नाक मुरडायचं. असं. नाही गं, असं नको, तू शिंक आल्यासारखी दिसतेस."

आतिनने गाडी हळूच थांबवली, उतरून दारात गेली आणि बू सितुमने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बू, खाली निम्म्या भावाचा कोबी आहे म्हणतात. तुमच्यासाठी आणू का तिकडूनच? आणि सुनबाई, नाक मुरडू नका, गाजर ताजं आहे."

सासू-सून एकमेकींकडे बघत राहिल्या. कोबी पुऱ्या भावाने गेला. पुढच्या वळणापर्यंत आतिन आणि मी इतक्या हसलो की गाडी दोनदा गटाराकडे गेली.

त्यानंतर कबरस्तानाची पाळी. ते तिसऱ्या वळणावर, बांबूच्या बेटात. आतिन एकटी उतरत होती. बघते तो तिच्या आजेसासऱ्याच्या कबरीमागून धूर निघतोय. पहिल्यांदा तिला घाम फुटला. मग वाऱ्याबरोबर लवंगेचा वास आला आणि घाम सुकला. कबरीला टेकून तुगिमान बसला होता, शेजारी त्याचा दोस्त, दोघांच्या मधोमध झाडू.

"बायकोला कळलं तर?" दोस्त विचारत होता.

"कसं कळणार? तिच्या गाडीचं धूड अर्ध्या कोसावरून ओरडत येतं. आवाज आला की विझवायची, झाडू उचलायचा." तुगिमानने मोठा झुरका घेतला. "आजोबांनासुद्धा हा वास आवडायचा."

दुसरी बाई तिथेच चप्पल काढून उभी राहिली असती. आतिनने ब्रेक थोडा सैल सोडला आणि ती आवाज न करता निघून गेली. संध्याकाळी तिने नवऱ्याला भात वाढला, अर्धं अंडं वाढलं, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आज गाडी चालवताना डुलकी लागली हो जराशी. स्वप्नात तुमचे आजोबा."

"आजोबा? काय म्हणाले?"

"खोकत होते बिचारे. म्हणाले, सूनबाई, इथे फार धूर होतो. पूर्वी घरचे लोक फुलं आणायचे. हल्ली राख आणतात."

तुगिमानचा घास हातातच राहिला. आतिनने आणखी थोडी आमटी वाढली. "जेवा ना. अंडं थंड होतंय."

ही गोष्ट तिने मला सांगितली आणि मी कुणालाही सांगितली नाही. पण तुगिमानच्या पोटात ती कशी राहणार? त्याने दोस्ताला सांगितली, दोस्ताने नळावर, आणि नळावरून ती डोंगरभर वाहिली. बू सितुमने तिला आपल्या गाजराची जोड दिली. लोकांनी हिशेब मांडला: नाव सुप्रिहातिन, सोमवार-गुरुवार कडक उपास, हल्ली आवाज न करता येते, आवाज न करता जाते. आमच्या आज्या सांगायच्याच, देह झिजवला की बाईला दिसायला लागतं. आतिनला दिसायला लागलं!

"तू सांगून टाक ना खरं," मी म्हटलं.

"मी खोटं काय बोलले? दिसतंयच मला."

गिऱ्हाइकं घासाघीस करेनाशी झाली. काही जणी आपणहून म्हणायच्या, "मागच्या मंगळवारी एक गाजर जास्त आलं होतं हं म्बाक, त्याचे घ्या." आतिन गंभीर चेहऱ्याने पैसे घ्यायची. ते गाजर तिला मुळीच माहीत नसायचं.

मग गॅसची टंचाई आली. आमच्याकडे तीन किलोची हिरवी टाकी मिळते, सरकारी भावाची. दिसायला खरबूज, म्हणून सगळे तिला खरबूजच म्हणतात. पेट्रोल वाढल्यावर वाहतूक महागली, आणि ती महागल्याचं निमित्त करून पाक कार्दीच्या दुकानातली खरबुजं एकाएकी गायब झाली. आमच्या वरच्या वाड्यांना तेवढं एकच दुकान. कार्दी हात जोडायचा, "गाडीच आली नाही हो. मी काय करू? माझ्याच घरी चुलीवर रांधतोय." बायका सरपण शोधत फिरायला लागल्या. माझ्या घरात तर धुराने नव्या कपड्यांना वास लागायचा; एका नवरीचा झगा मी तीनदा धुतला.

एके सकाळी आतिन कार्दीच्या परसामागून उतरत होती. टणटण असा आवाज आला. कार्दी आणि त्याचा मेहुणा हिरव्या टाक्या बदकांच्या खुराड्यात रचत होते. "पेंढा टाक वरून," कार्दी म्हणत होता. "थोडं थांबलो तर दुप्पट भाव येतो. आणि ती बदकं ओरडू देऊ नकोस!"

आतिन पुढे निघून गेली आणि त्या दिवशी तिने कुणाला अक्षर सांगितलं नाही. दोन दिवसांनी बायकांची महिन्याची बैठक होती. पूर्वी या बैठकीत तळलेली केळी, नारळाच्या वड्या असायच्या. या वेळी उकडलेला कसाव्याचा कंद आणि बिनसाखरेचा चहा. सगळ्या जणी गॅसवरच बोलत होत्या. कार्दीची बायकोही बसली होती, सगळ्यांत जास्त उसासे टाकत.

आतिनने चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. एकेक करून सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"काय दिसतंय म्बाक?" कुणीतरी कुजबुजलं.

"बदकं," आतिन म्हणाली. "फार त्रासात आहेत. बसायला जागा नाही. हिरवी अंडी घातलीत."

"बदकाची अंडी हिरवटच असतात की," बू सितुम म्हणाली.

"तीन तीन किलोची?"

कार्दीच्या बायकोच्या घशात कसावा अडकला. तिच्या पाठीवर थापा मारायला दोघी थांबल्या, बाकीच्या उठल्याच. कार्दी दुकानाच्या दारातच होता. बायकांचा तो लोंढा परसाकडे वळलेला बघून त्याने आधी आडवं यायचा विचार केला, मग पुढे बू सितुम आहे हे बघून बाजूला झाला. पेंढा निघाला. बदकं बाहेर पडली, ती आमच्यापेक्षा जास्त ओरडत होती.

"अहो, ही... ही आत्ताच आली," कार्दी म्हणाला.

"कुठून, बदकांच्या पोटातून?" बू सितुमने विचारलं.

तिथल्या तिथे, सरकारी भावाने, सगळी खरबुजं गेली. माझ्या घरी चहा उकळला तो दहा मिनिटांत. मी त्यात दोन चमचे साखर घातली, हट्टाने.

आता मात्र आतिनचं अवघड झालं. लोक तिला भलतंच विचारायला लागले. हरवलेला बोकड कुठे आहे, मुलीला स्थळ कधी येईल. कार्दी स्वतः आला, तोही फळांची टोपली घेऊन. शरमेने नव्हे! "बू," तो म्हणाला, "झालं गेलं विसरा. फक्त एवढं सांगा, पेट्रोल पुन्हा कधी वाढेल? त्या आधी चार गोष्टी भरून ठेवीन म्हणतो."

"आणि उतरेल कधी, ते नाही विचारलंत?"

कार्दी खरंच चकित झाला. "उतरतं का ते?"

आतिनने फळं ठेवून घेतली आणि त्याला सांगितलं की दिसतंय पण धूसर आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय. मला म्हणाली, "रुम, हे आता थांबवायला हवं. काल एकीने विचारलं, नवरा खाली बाजारात कुणाकडे जातो. मला दिसलंय गं तेही. ते काय सांगू?"

थांबवायची वेळ तिच्यावर आलीच नाही. ते काम ब्रेकांनी केलं.

रविवार होता. चौथ्या वाडीत सगळ्या डोंगराचे लोक श्रमदानाला जमले होते. गावप्रमुखांच्या माशांच्या तळ्याशेजारचं गटार उपसायचं होतं. मी आतिनच्या मागे, मांडीवर गावप्रमुखांच्या बायकोचा नवा, इस्त्री केलेला केबाया, म्हणजे आमच्याकडचं ठेवणीतलं लांब पोलकं. वखारीच्या वळणाला मला जळका वास आला.

"म्बाक, कुणीतरी कचरा जाळतंय."

"कचरा नाही," आतिन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "रुम, घट्ट धर."

"काय झालं?"

"ब्रेक लागत नाहीये."

इतके दिवस आम्ही चोरासारख्या उतरायचो. त्या दिवशी आम्ही दोघींनी डोंगर डोक्यावर घेतला. "बाजूला व्हा! बाजूला!" फावडी टाकून माणसं पांगली. तुगिमान हात पसरून मध्ये उभा राहिला, जणू गाडी म्हणजे कोंबडीच, आणि शेवटच्या क्षणी त्याला सुबुद्धी झाली. आम्ही बांधावरून उडालो आणि कोबी, गाजरं, केबायासकट तळ्यात.

पाणी कमरेएवढं. लागलं कुणालाच नाही. मासे मात्र बराच वेळ सैरावैरा होते. लोकांनी आम्हाला बाहेर काढलं, मग गाडी. गॅरेजवाला पाक नारतो तिथेच होता. ओल्या वायरी जळू नयेत म्हणून तो घाईघाईने किल्ली बंद करायला गेला आणि थबकला.

"किल्ली तर बंदच आहे," तो म्हणाला.

त्याने चाकाला हात लावून पाहिला, वास घेतला. "बू, तुम्ही इंजिन बंद करून उतरता? रोज? अहो, इंजिन चालू असलं तर अर्धी गाडी ते धरून ठेवतं. तुम्ही अख्खा डोंगर ब्रेकांवर उतरवलात!"

सगळे मनातल्या मनात जुळवत होते. बू सितुमचं तर ओठ हलवून चाललं होतं. कार्दी म्हणाला, "म्हणजे माझी बदकं..." आणि तुगिमान म्हणाला, "म्हणजे आजोबा..."

"आजोबा नाही आले," आतिन म्हणाली. तिच्या केसांत शेवाळ होतं. "नातसून आली होती."

बू सितुम पुढे झाली. एवढ्या दिवसांचे पुऱ्या भावाचे कोबी तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. "सगळ्या दुनियेचं दिसतं," ती म्हणाली, "स्वतःचे ब्रेक तेवढे दिसले नाहीत?"

"दिसले असते बू. पण तेव्हा भीतीने डोळे मिटले होते."

पहिली हसली ती बू सितुमची सून. मग गावप्रमुखांची बायको, ओला केबाया हातात धरून. मग सगळेच. कार्दी शेवटी हसला, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते.

घरी गेल्यावर तुगिमानने मात्र आवाज चढवला. भिंत एकच आहे, मला सगळं ऐकू आलं. "तू माझ्यावर नजर ठेवलीस!"

"नजर नाही ठेवली. मी बाजाराला चालले होते. तुम्ही वाटेत धूर करून बसलात."

"मला किती भीती वाटली ठाऊक आहे? मी तीन वेळा माफी मागितली त्या कबरीची!"

"आणि सोडल्यात का?"

मग तुगिमानचा पडेल आवाज, "दिवसाला चारावर आणल्या होत्या."

मग आतिन हसायला लागली आणि त्यालाही आवरेना. दोन सिगारेटी, घराच्या ओट्यावर, उघडपणे, असा करार झाला. आणि त्याच आठवड्यापासून तुगिमान आपले पिंजरे घेऊन तिच्या मागे बसून बाजारात जायला लागला. पहिल्याच दिवशी दोन गेले. इतकी वर्षं गिऱ्हाइकाची वाट घरी बसून बघितली, हे त्याने नळावर कुणालाच सांगितलं नाही.

नव्या ब्रेकांना लागले तेवढेच पैसे आतिनने इंजिन बंद ठेवून वाचवले होते. तिने ते मान्य केलं, पण हळहळली नाही. आता ती इंजिन चालू ठेवून उतरते. खर्च भरून काढायला तिने वाड्यांतल्या बायकांची खारी अंडी, केळीची पानं, माझे कपडे खाली न्यायला सुरुवात केली. ज्याची त्याची वस्तू, ज्याचं त्याचं थोडं पेट्रोल. कोबीच्या गड्ड्यामागे, पातीच्या जुडीमागे पाचशे रुपियाही वाढवले. बू सितुमने तासभर भांडून ते तीनशेवर आणले आणि फार बरं वाटलं तिला, कित्येक दिवसांनी.

पण विद्या लपत नाही. तळ्यावरच्या त्या रविवारनंतर निम्म्या डोंगराने किल्ल्या बंद करून उतरायला सुरुवात केली. नारतो सगळ्यांना बजावतो, आणि कुणी ऐकत नाही. आता आमच्या रस्त्यावर सकाळी इतकी शांतता असते की लोक परसातसुद्धा जपून बोलतात, आणि कार्दी खरबुजं दारातच मांडून ठेवतो. पेट्रोलने ज्याचं घर सुधारलं असा आमच्याकडे एकच माणूस: पाक नारतो. त्याच्या गॅरेजवर नवी कौलं चढली. रोज संध्याकाळी, हात काळे, तो आतिनला थांबवतो, दोन मोठे कोबी घेतो आणि भाव विचारत नाही. आतिन त्याच्याकडून मात्र वाढीव पाचशे पुरेच्या पुरे घेते, तीनशे नाही.